काचपेटीतली पाणीपाळी

"न्हाई" हा शब्द तोंडातून निघून गेला, आणि मगच तो किशनरावांना ऐकू आला. शीतल कॉलेजातून आली होती. दाराशी चपला काढता काढता, रोज विचारायची तसंच तिनं विचारलं होतं, "बाबा, टपाल आलं का काही?" आणि काचपेटीवर टाकायचा फडका बादलीत पिळता पिळता त्यांनी सांगितलं होतं, "न्हाई." बस, एवढंच. शीतल आत गेली, माठातलं पाणी प्याली, पंख्याखाली ओढणी सोडून बसली. गल्लीत कालच्या चौदा एप्रिलच्या निळ्या पताका उन्हात फडफडत होत्या आणि कोपऱ्यावर मंडपाचे बांबू सोडायचं काम चाललं होतं. जग होतं तसंच होतं. फक्त आतल्या खोलीतल्या ट्रंकेत, किशनरावांच्या घडी घातलेल्या खाकी सदऱ्याखाली, दुपारी साडेबाराला आलेलं एक लांबट पाकीट होतं. पोस्टमनच्या कागदावर त्यांनी स्वतः सही केली होती. पाकीट लेकीच्या नावाचं होतं तरी ते त्यांनीच फोडलं होतं, आणि जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर बोट ठेवत ठेवत तीनदा वाचलं होतं. लक्षद्वीप. सागरी संशोधन केंद्र. तीस एप्रिलच्या आत नोकरीवर हजर व्हावं. नकाशात जिथं नुसता निळा रंग असतो आणि त्यात टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके, तिथं.

दोन वर्षांखाली रिटायर होईपर्यंत किशनराव कालव्यावर चौकीदार होते. इसापूरच्या पाण्यावर तीस वर्षं त्यांनी दारं उघडली आणि मिटली. कालव्यातून चारीत, चारीतून शेतात, ज्याची पाळी त्याला पाणी. अंगात ताकद फार नव्हती, आवाजही मोठा नव्हता, पण दाराच्या हँडलला त्यांचा हात लागला की घड्याळाचा काटा फिरल्यासारखं ते फिरायचं. डोंगरकड्याकडच्या एका केळीवाल्या बागाईतदारानं एका उन्हाळ्यात दोन माणसं पाठवून सांगितलं होतं, "खालचं दार दोन दिवस मिटून ठेवा, आमचे घड तयार होऊन राहिलेत." किशनराव म्हणाले, "टेलवाल्याची पाळी हाय." टेलवाला म्हणजे कालव्याच्या शेपटाला बसलेला. त्याच्यापर्यंत जाताजाता पाणी निम्मं मुरतं, आणि उरलेलं निम्मं वरचे अडवतात. किशनराव रात्रंदिवस दारावर बसून राहिले आणि टेलवाल्याचं पाणी टेलवाल्यापर्यंत पोचलं. पुढं चार माणसांत बसले की ही गोष्ट ते फार सांगत नसत. पण सांगायची झालीच तर हीच सांगत. मी कोणाचं पाणी कधी अडवलं न्हाई.

शीतलची काचपेटी फेब्रुवारीत घरात आली. रत्नागिरीला दोन वर्षं माशांच्या प्रयोगशाळेत काढून पोरगी तीन गाड्या बदलत हिंगोलीला आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन निळे कॅन होते. कंडक्टरनं विचारलं होतं, "यात काय हाय? रॉकेल असंल तर इथंच उतरा." ती म्हणाली होती, "समुद्र हाय." कंडक्टरनं झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करत अर्धं तिकीट फाडलं. बाकीचं पाणी पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवून घरीच केलं. चार फुटांची पेटी, तळाला पांढरी वाळू, भोकाभोकांचे दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे, आणि मधल्या दगडावर ते समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण फूल नव्हे, जिवंत प्राणी. हाताच्या ओंजळीएवढा, गव्हाळ रंगाचा, शंभर बोटांचा. मासे त्या बोटांत शिरून झोपायचे. शीतल इथल्या कॉलेजात तासावर शिकवायला जाऊ लागली, पण घरी आली की पहिली पेटीपुढं बसायची. किशनराव तिच्या पाठीकडं बघायचे. चार वर्षांखाली बायको, चांगुणाबाई, गेल्यापासून या घरात संध्याकाळी दुसऱ्या माणसाची पाठ दिसत नव्हती. त्यांच्या मनात एक साधा हिशोब बसला होता, आणि तो त्यांनी स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितला नव्हता. समुद्र घरातच नीट लागला, तर पोरगी समुद्राकडं कशाला जाईल?

म्हणून तर त्यांनी पाणी हातात घेतलं. पेटीत दोन छोटे पंप होते, पाणी हलतं ठेवायला. शीतल ते रोज इकडचे तिकडं करायची, एक या कोपऱ्यात, एक त्या, कधी दोघांची तोंडं समोरासमोर. तरी म्हणायची, "बसून न्हाई राहिलं बाबा बराबर. ह्याला पाणी पाहिजे तसं भेटून न्हाई राहिलं." किशनरावांना मनातून हसू यायचं. तीस वर्षं पाणी वाहवलेला माणूस घरात बसलेला, आणि पोरगी पुस्तकं उलटून राहिली. रविवारी ती जयंतीच्या तयारीला बाहेर गेली तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या. दोन्ही पंप एका टोकाला, एकाखाली एक. मधले दगड उचलून दोन्ही बाजूंना काचेलगत रांगेत लावले, म्हणजे पाण्याला आडवं काही येऊ नये. समुद्रफुलाचा दगड तेवढा अलगद टेलला नेऊन ठेवला, म्हणजे सगळं पाणी त्याच्यावरच जाईल. टेलवाल्याला आधी. मग पंप सुरू केले. पाणी सरळ, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत असं धावलं की त्यांना कालव्याच्या पुलावर उभं राहिल्यासारखं वाटलं. शीतल आली तेव्हा तिच्या केसांत निळा गुलाल होता आणि डोळ्यांत झोप होती. तिनं पेटीकडं नीट पाहिलंही नाही. दुसरा दिवस मिरवणुकीत गेला.

आणि आज, मंगळवारी, "न्हाई" म्हणून झाल्यावर, पंख्याखाली बसलेली शीतल एकदम उठली. "बाबा, ह्यानं दगड सोडला." समुद्रफूल त्याच्या दगडावर नव्हतं. काचेच्या तळाला, मुठीएवढं आवळून, एका अंगावर कलंडून पडलं होतं. मासे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. किशनराव फडका टाकून जवळ आले. पाकिटाचं आणि याचं काही नातं नाही, हे त्यांना कळत होतं, तरी त्यांची नजर आतल्या खोलीच्या दाराकडं गेली. शीतलनं रांगेतले दगड पाहिले, एका टोकाचे दोन पंप पाहिले, टेलच्या कोपऱ्यात साचलेली घाण पाहिली, आणि ती हसायलाच लागली. "बाबा, तुमी तर ह्याचा कालवा करून टाकला!" "मंग? पाणी वाहून राहिलं की न्हाई?" "वाहून राहिलं, पण जाऊन कुठं राहिलं? समुद्रातलं पाणी जात न्हाई बाबा. येतं अन् जातं, येतं अन् जातं. ह्याच्यावर एकाच अंगानं दिवसभर मारा केला तं ते बसंल कसं? ते चालाया लागलंय आता, जागा धुंडाळत." "त्याला पाय हाईत?" "एक हाय. तेवढ्यावर सरकतं." मग तिचा आवाज खाली आला. "चालता चालता पंपाच्या तोंडापाशी गेलं तं चिरून निघंल. अन् ते मेलं की पाणी नासतं, मासेबी जातील." तिनं पंप सुटे केले, तोंडांवर जाळी बांधायला काही सापडेना तेव्हा जुन्या ओढणीचा तुकडा बांधला, आणि दगड पुन्हा मधे रचले. फूल मात्र तिनं उचललं नाही. म्हणाली, त्याची जागा त्यानंच शोधावी लागते.

किशनराव रोज सकाळी आंघोळ करून बाबासाहेबांच्या फोटोपुढं उदबत्ती लावत आणि हात जोडून पंचशील म्हणत. इतकी वर्षं म्हटलेलं, तोंड आपोआप चालायचं. बुधवारी चौथ्या शीलापाशी ते थांबले. खोटं न बोलण्याचं ते शील. घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली आणि तिथं आल्यावर आवाज बारीक करून पुढं गेले, जसं एखाद्या घराच्या दारात ओळखीचं माणूस बसलेलं असतं आणि आपण मान खाली घालून निघून जातो. संध्याकाळी शीतलनं विचारलं. "न्हाई," ते म्हणाले. गुरुवारी पुन्हा विचारलं, पण आता तिनं शब्दही पुरे केले नाहीत, नुसतं "टपाल?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पेटीकडं वळली. किशनरावांनी तरी "न्हाई" म्हटलंच. चौकीदारानं दार मिटलं की तसं रजिस्टरात लिहायचं असतं, तशी ती सवय. त्यांना वाटलं, आपण खोटं बोलत नाही, आपण फक्त थोडा वेळ धरून ठेवतोय. तीस तारीख जाईल. तिकडचं दार आपोआप मिटेल. मग कधीतरी पाकीट चुलीत जाईल, आणि पोरगी म्हणेल, आलंच न्हाई बाबा त्याहीचं काही. मी म्हणेन, जाऊ दे. हे "जाऊ दे" ते मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणून बघत होते की त्याची चव निघून गेली होती.

त्या वर्षी सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा लाईट जायची. भारनियमन म्हणून पेपरात छापून यायचं, लोक नुसतं "गेली" म्हणायचे. लाईट गेली की पंप थांबायचे आणि पेटीतलं पाणी काचेसारखंच काच व्हायचं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करायचे. मग शीतल किंवा किशनराव तांब्यानं पाणी उचलून वरून धार धरत, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. शुक्रवारी सकाळी शीतल आठलाच परीक्षेच्या कामाला गेली. किशनराव तांब्या घेऊन बसले. दहा वाजत आले असतील, त्यांची नजर कोपऱ्यात गेली. समुद्रफूल सरकत सरकत पंपाखाली आलं होतं. त्याची दोन बोटं पंपाच्या तोंडाशी चिकटली होती, आणि ओढणीचा तुकडा सुटून पाण्यात लोंबत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. लाईट आता येणार. ते उठले, हात ओला होता तो धोतराला पुसला आणि दोन्ही पंपांच्या पिना भिंतीतून उपसून काढल्या. पिना बाहेर आल्या आणि पाठोपाठ डोक्यावरचा पंखा घरघरला. पिना हातातच होत्या.  तो प्राणी हातानं सोडवायला गेलं तर फाटेल, हे शीतलनं सांगितलं होतं. म्हणजे तो आपल्या पायानं तिथून हलेपर्यंत पंप लावायचा नाही. म्हणजे तांब्या.

त्यांनी दहापासून तांब्या धरला. वीस तांबे झाले की उजवा हात, मग डावा. धार पाण्यात पडायची, बुडबुडे खाली जायचे, फुलाची बोटं हलायची, पुन्हा आवळायची. मन रिकामं होतं आणि रिकाम्या मनात जुनं पाणी शिरतं. बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, ते साल. सहा डिसेंबरला हे तिघंही गावच्या लोकांबरोबर दादरला गेले, चैत्यभूमीला. रांगेत सहा तास. शीतल सहा वर्षांची, त्यांच्या खांद्यावर. दर्शन करून बाहेर आले आणि मागं समुद्र होता. त्यांच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. किशनराव वाळूत उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघत राहिले, हे पाणी चाललंय कोणीकडं? हेड कुठं, टेल कुठं? त्यांना काही अंदाजच लागेना. चांगुणाबाईंनी लुगडं पोटरीपर्यंत धरून पाय बुडवले. लाट आली, पायाखालची वाळू घेऊन गेली. त्या "अगं बाई, गेलं" म्हणाल्या, आणि तेवढ्यात पाणी पुन्हा आलं. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची जालन्याकडची बाई पण हसली. "आवं, हे तं परतलं! तुमचं पाणी कधी परततं का?" घरी आल्यावर जात्यावर बसल्या तेव्हा त्यांनी एक ओळ जुळवली होती. समुद्राचं पानी बाई, गेलं म्हनावं तं आलं. दुसरी ओळ किशनरावांनी कधी ऐकली नव्हती. त्यांना वाटायचं, जुळलीच नसेल.

शीतल दोन वाजता आली तेव्हा लाईट पुन्हा गेली होती आणि किशनरावांचा खांदा वर उचलेना. तिनं उपसलेल्या पिना पाहिल्या, पंपाखालचं फूल पाहिलं, बापाच्या धोतराचा भिजलेला सोगा पाहिला. "कव्हापासून?" "दहा." "जेवले?" त्यांनी तांब्या पुन्हा पाण्यात घातला. "येड लागलं तुमाला," ती म्हणाली आणि तांब्या हातातून काढून घेतला. त्यांना भाकरी वाढून दिली, आणि स्वतः धार धरत बसली. धार धरता धरता ती गुणगुणायला लागली, आणि किशनरावांचा घास हातातच राहिला. "समुद्राचं पानी बाई, गेलं म्हनावं तं आलं..." त्यांनी विचारलं, "तुला कशी येती ही?" "आई म्हनायची की. शेतात, निंदताना." "एकच ओळ हाय ती." "एक कशी? दोन हाईत." आणि ती सहज, तांब्या पाण्यात बुडवता बुडवता म्हणाली,

"समुद्राचं पानी बाई, गेलं म्हनावं तं आलं,
कालव्याचं पानी माह्या, धन्याला घिऊन गेलं."

"तुमी पाळीवर जायचे ना आठ आठ दिवस," शीतल म्हणाली, "तव्हाची हाय." किशनरावांनी मान हलवली. भाकरी खाल्ली. आठ दिवस, कधी पंधरा. कालव्याच्या कडेला पत्र्याची खोली, कंदील, रजिस्टर. टेलवाल्याला पाणी पोचलं की आनंद व्हायचा. घरी कोणी आनंदात आहे की नाही, हे विचारायची पाळी रजिस्टरात नव्हती. आणि ती बाई निंदत होती आणि म्हणत होती, आणि तिनं त्यांना एकदाही "जाऊ नका" म्हटलं नव्हतं. हे आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. एकदाही नाही. डबा बांधून द्यायची. पोरगी समोर धार धरून होती. तिनं त्या दिवशी टपालाचं विचारलं नाही, आणि त्यामुळं "न्हाई" म्हणायचं राहिलं.

शनिवारी नेमसिंग आले. नेमसिंग राठोड, कालव्यावरचे जुने सोबती, त्यांच्या वरच्या दाराचे चौकीदार. पेटीपुढं उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. फूल रात्रीत पंपापासून वीतभर सरकलं होतं. "किशनराव, माह्या नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी, अन् हित्तं दोन मासळ्यांला बाराही महिने पाळी! कोन्त्या साहेबाची वळख हाय ह्याहीची?" "पाणी हालत राह्यलं पाह्यजे त्याहीला." "मंग म्हशी बांध पेटीत. शेपटीनं हालवतील." शीतल आतून हसली. "काका, तुमीच सांगा काहीतरी. लाईट नसताना लाट पाह्यजे. एकदम यावं, अन् मंग थांबावं, अन् मंग पुन्ना यावं." "लाट?" नेमसिंग म्हणाले. "पोरी, आमच्या खात्यात लाट आली की सस्पेंड करत्यात." आणि ते स्वतःच गदगदून हसले. किशनराव हसले नाहीत. भरावं, एकदम यावं, थांबावं. त्यांच्या डोळ्यांपुढं एक पितळी पेला आला होता.

औंढ्याची जत्रा. ते दहा वर्षांचे असतील. देवळाबाहेर भांड्यांचं दुकान मांडलेलं, आणि दुकानदार गिऱ्हाइकांना एक पेला दाखवत होता. पेल्यात वसुदेव, त्याच्या डोक्यावर टोपलीत बाळ. वरून पाणी ओतायचं. पाणी वसुदेवाच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. बाळाच्या पायाला लागलं, की एकाएकी खालच्या भोकातून भडाभडा सगळं निघून जायचं. पेला रिकामा. पुन्हा ओतायचं. लोक हात जोडत होते. किशन पुढं सरकला तसा दुकानदारानं बोट केलं, "लांबून पाह्य. हात लावू नको." तो लांब झाला. दुसरी पोरं पेला हातात घेऊन उलटासुलटा करून बघत होती. त्याला हातात घेता येणार नव्हता, म्हणून तो सारी दुपार लांबून नुसता बघत बसला, आणि बघून बघून त्याला कळलं. वसुदेवाच्या पोटात नळी आहे. खालून वर जाते, बाळाच्या पायाच्या उंचीला वाकते आणि पुन्हा खाली उतरते. वाकणावरून एकदा पाणी पलीकडं पडलं की मागचं सगळं ओढून नेतं. पुढं कालव्यावर, नाल्याखालून पाणी काढायचा सायफन साहेबांनी फळ्यावर काढून समजावला, तेव्हा सगळ्यांत आधी मान यांचीच हलली होती. कसं कळलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी समुद्राचाच एक निळा कॅन घेतला. तळाला भोक पाडलं. प्लास्टिकच्या पाइपाला दोन बाक जोडून उलटा आकडा केला, एक पाय कॅनमध्ये तळापर्यंत, दुसरा भोकातून खाली पेटीत. वाकण कॅनच्या तोंडाखाली चार बोटं. जोडाला नेमसिंगांनी आणलेला डिंक लावला, मांडणीची वरची फळी रिकामी करून कॅन त्यावर ठेवला. पेटीतला एक पंप काढून टाकला, दुसऱ्याच्या तोंडाला चहाची गाळणी घट्ट बांधली आणि त्याची नळी वर कॅनमध्ये सोडली. लाईट असेल तेव्हा पंप हळूहळू कॅन भरेल, नसेल तेव्हा माणूस तांब्यानं भरेल. बाकीचं पाण्याचं पाणी बघेल. लाईट नव्हतीच. किशनराव स्टुलावर चढले आणि शीतल खालून तांबे भरून देऊ लागली. पेटीतलं पाणी काचेवर बोट बोट उतरत होतं, चार बोटं उतरलं. वर कॅन भरत आला. नेमसिंग म्हणाले, "काही होईना गा." "थांब की." आणखी दोन तांबे. मग पाइपात आधी गुळण्या केल्यासारखा आवाज झाला, मग एक मोठा श्वास, आणि पंधरा लिटर पाणी एकदम खाली कोसळलं. पेटीभर फेस झाला, वाळू उठली, मासे भेलकांडले, फुलाची सगळी बोटं एका बाजूला वाहिली. मग पाइपानं हवा ओढली, सर्रकन आवाज होऊन पाणी थांबलं, आणि बोटं सावकाश दुसऱ्या बाजूला परतली. पाणी काचेवर पुन्हा चार बोटं चढलेलं. शीतल दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. "आलं!" ती म्हणाली. आईसारखीच म्हणाली. "बाबा, हे कुठं शिकले तुमी?" "लांबून पाहून," किशनराव म्हणाले.

किशनराव स्टुलावरून उतरले. नेमसिंग चहा पिऊन गेले. शीतल पुन्हा कॅन भरायला लागली, पुन्हा लाट, पुन्हा भरायला लागली. दहाला लाईट आली आणि पंप आपणहून कॅन भरू लागला, तसे किशनराव आतल्या खोलीत गेले, ट्रंक उघडली. सदऱ्याची घडी मोडली नाही, नुसता हात घालून पाकीट काढलं. बाहेर येऊन त्यांनी ते तिच्यापुढं धरलं. "हे मंगळवारी आलं." तिनं हात पुसले. आधी कागद वाचला, मग पाकीट उलटून शिक्का पाहिला, मग फाटलेली कड. "फोडलेलं हाय." "मीच फोडलं." "सही?" "माहीच." "मी रोज इचारत होते बाबा." "व्हय." "अन् तुमी न्हाई म्हनले." "व्हय." ते उभेच होते. त्यांना वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पेटीकडं बघत होती. "तुमी टेलवाल्याचं पाणी अडवून धरलं," ती म्हणाली, हळूच, जशी एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी. तेवढ्यात वर पाइपानं श्वास घेतला आणि पाणी कोसळलं, त्यामुळं किशनरावांच्या तोंडून जे निघालं ते तिला ऐकू गेलं की नाही, त्यांना कळलं नाही. ते "चुकलो" असं काहीसं होतं.

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, कपडे धुतले, बँकेत गेली, फोनवर इंग्रजीतून कोणाशी तरी बोलली. किशनराव पहाटे पंचशील पूर्ण म्हणाले, सगळी पाचही, पण त्यानं हलकं वाटलं असं काही नाही. मंगळवारी समुद्रफूल चौथ्या दगडाच्या खोबणीत जाऊन बसलं. लाट जिथं येऊन मंदावते, बरोबर तिथं. त्यानं पाय रोवला आणि ओंजळभर फुललं. शीतलनं ते पाहिलं आणि भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "उन्हाळ्यात पाणी आटतं. आटलेल्यात गोडं पाणी घालायचं, मिठाचं न्हाई. मीठ उडून जात न्हाई." "बरं," किशनराव म्हणाले. बुधवारी तिनं वहीचं पान फाडून सगळं लिहून काचेला चिकटवलं. माशांना किती, कधी. गाळणी कधी धुवायची. खारटपणा मोजायची नळी कुठं ठेवली. शेवटची ओळ होती, लाईट गेल्यावर अर्ध्या तासाच्या वर रिकामं ठेवू नका. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, आणि पुन्हा वाचली.

शनिवारी सकाळी ते तिला स्टँडवर घेऊन गेले. परभणीची गाडी लागलेली होती. तिनं खिडकीतून बॅग आत घेतली, बसली, रुमाल डोक्याला बांधला. किशनराव खिडकीखाली उभे. सांगायचं ते सगळं काचेवर लिहून झालं होतं, आणि न लिहिलेलं इथं गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. कंडक्टरनं घंटी ओढली तेव्हा तिनं खिडकीतून हात काढून त्यांचा हात धरला, तांब्यानं सोललेला, खाऱ्या पाण्यानं चिरलेला. "खोबरेल लावत जा ह्याला," ती म्हणाली. "अन् पाकीट आलं तं फोडत जा. तुमच्या नावाचं असंल." गाडी हलली. धूर झाला. किशनराव गाडी वळेपर्यंत थांबले, मग वळणाकडं बघत आणखी थोडा वेळ थांबले.

घरी आले तोवर दुपार झाली होती. दोनला पंखा थांबला. पंप थांबला. ते स्टुलावर चढले आणि तांब्या बुडवला. काचेवरचं पाणी एक बोट उतरलं, दोन बोटं उतरलं. नेमसिंग दारातून डोकावले, आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"गेली का पोरगी?"

"गेली." या वेळी तो शब्द किशनरावांना आधी ऐकू आला, आणि मग त्यांनी तो उच्चारला.

मग आणखी एक तांब्या ओतला. वाकणापर्यंत अजून चार बोटं होती. ते भरत राहिले.